क्रुसावरचा विल्फ्रेड

"विल्फ्रेड थर्लो," पाद्रीसाहेबांनी क्रुसावरचं नाव वाचलं, आणि माझ्या शेजारी उभा असलेला माझा नवरा, विल्फ्रेड थर्लो, सणसणीत शिंकला. मागे कुणीतरी खिदळलं. दर नोव्हेंबरात युद्धात गेलेल्यांची नावं वाचताना काहीतरी असंच व्हायचं.

"शिंक तरी आवरायची!" मी कुजबुजले.

"मेलो म्हणून काय सर्दी होऊ नये?"

पहिल्या महायुद्धात गावची अकरा पोरं गेली. त्यात विल्फचा चुलतभाऊ सिरिल होता. चर्चच्या आवारात त्यांच्यासाठी क्रूस उभारताना समितीने दोन थर्लोंची अदलाबदल केली. उद्घाटनाला क्रुसावरचा पडदा ओढला, तेव्हा विल्फ छातीवर पदकं लावून तिसऱ्या रांगेत उभा होता. सिरिलचं नाव कुठेच नव्हतं. "पुढच्या महिन्यात दुरुस्त करू," तेव्हाचे पाद्री म्हणाले.

विल्फ गावचा सुतार. लिहिण्याचा त्याला कंटाळा, म्हणून पत्रं मी लिहायची. बिशपची कचेरी म्हणायची, समितीचा ठराव पाठवा. समिती म्हणायची, आधी परवानगी आणा. दुसऱ्या युद्धातली चार नावं मात्र खाली आठवड्यात कोरून झाली. त्यांचा अर्ज वेगळा होता म्हणे! माझं डोकं नुसतं भणाणून जायचं.

तेहतीस वर्षांनी परवानगी आली. कारागिराने छिन्नी काढली, तोच सिरिलची आई, आमच्या हॅना काकू, काठी टेकत आल्या.

"काय चाललंय रे विल्फी?"

"काकू, माझं नाव काढून सिरिलचं घालतोय. एकदाचं!"

"हात लावू नकोस." काकूंनी तळवा त्या नावावर ठेवला. "तेहतीस वर्षं मी इथे हात ठेवून त्याच्याशी बोलतेय. दिसत नाही मला, पण बोटांना जागा ठाऊक आहे. आता नाव खरवडून पडलेल्या खड्ड्याशी बोलू?"

"अहो काकू, पण ते नाव माझं आहे!"

"असू दे की. तू तर जिवंत आहेस."

विल्फने कारागिराला चहा पाजून परत पाठवलं. घरी येऊन मी किटली आदळली.

"आणि माझी पत्रं? आणि सिरिलचं नाव?"

"शब्द दिलाय काकूंना," एवढंच तो म्हणाला. पुढे काकू गेल्या, तरी त्याने शब्द मोडला नाही. असा हट्टी माणूस!

तीन वर्षांपूर्वी तोही गेला. त्याच्या हत्यारांच्या पेटीत सुतारी पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी सापडली. क्रुसावर माझं नाव लागलेलं आहे, माझ्या थडग्यावर सिरिलचं घाल.

लगेच कुठलं घालायला मिळतंय! कचेरीचं उत्तर आलं, पुरलेला माणूस आणि दगडावरचं नाव जुळत नाही. मी वाचून खदाखदा हसले आणि मग रडले. पुन्हा ठराव, पुन्हा अर्ज. तीन वर्षं.

दगड गेल्या आठवड्यात बसला. काल नावं वाचायचा रविवार होता. "विल्फ्रेड थर्लो," पाद्रीसाहेब म्हणाले. कुणी शिंकलं नाही.

सगळे पांगल्यावर मी भिंतीकडच्या त्या नव्या दगडाशी गेले. "मेल्यावरसुद्धा पत्रं लिहायला लावलीस," मी त्याला म्हटलं, आणि नावावर हात ठेवला. सिरिल थर्लो. बोटांना अजून सवय नाही.