नवरीचा रंग

आमच्या साहेबांना मागच्या सीटवर बसून फोनवर बोलायची सवय आहे आणि मला ऐकू येत नसल्यासारखं दाखवून सगळं ऐकायची. पण मतदानाच्या आधीच्या शुक्रवारी त्यांनी फोन बाजूला ठेवला आणि ते थेट माझ्याशीच बोलले.

"जिमादूम, रविवारी संसदेचं मतदान. संक्रमणकाळ संपला बघ. देश परत रुळावर आला."

"हो साहेब."

"सोमवारी खात्यातल्या प्रत्येकाने मला शाईचं बोट दाखवायचंय. शिपायापासून सगळ्यांनी. वरून तसा निरोप आहे. तुला तर काही विचारायलाच नको, तुझे हात दिवसभर माझ्या डोळ्यांसमोर असतात."

साहेब हसले, म्हणून मीही आरशात बघून हसलो. स्टिअरिंगवरचे माझे हात मात्र मला एकदम दुसऱ्या कुणाचे वाटायला लागले.

आमच्या राजधानीत, एनजामेनात, सरकारी ड्रायव्हरची नोकरी म्हणजे काय, ते बाहेरच्याला सांगून कळायचं नाही. पगार उशिरा येतो, पण येतो. माझ्या पगारावर घरातली सात तोंडं जेवतात आणि माझ्या जागेवर डोळा ठेवून बसलेले तर खात्याच्या फाटकाबाहेरच चहा पीत असतात. बोट काळं नसलं तर सोमवारी गाडीची किल्ली त्यांच्यातल्याच कुणाच्या तरी हातात जाणार, हे सांगायला ज्योतिषी नको होता.

आणि बोट काळं करायला मी जाऊ शकत नव्हतो. कारण घरात आई होती.

माझा धाकटा भाऊ अलारासेम वेल्डिंगचं काम शिकत होता. बावीस वर्षांचा, अंगात पिवळा शर्ट, तोंडात सतत शिट्टी. दोन वर्षांपूर्वी ऑक्टोबरच्या वीस तारखेला तो सकाळी मोर्च्याला गेला तो परत आलाच नाही. दवाखान्यात नाही, कोठडीत नाही, नदीवर नाही. जिथे जाऊ तिथे आम्हाला दुसऱ्या दारावर पाठवायचे. मोर्च्याची मागणी काय, तर लष्कराचा संक्रमणकाळ पुरे करा, निवडणुका घ्या. आता त्याच निवडणुका आल्या होत्या. विचार करायला लागलं की माझं डोकं शिणतं, म्हणून मी हल्ली करत नाही.

प्रेत मिळालं नाही, त्यामुळे आईने शोकाला चटया घालू दिल्या नाहीत. माणसं भेटायला आली की ती म्हणायची, "मेला कोण, ते आधी सांगा, मग बसा." तिच्यासारख्या अजून बऱ्याच जणी निघाल्या. दर महिन्याच्या वीस तारखेला त्या चर्चच्या मागे कडुनिंबाखाली बसतात. भाषण नाही, घोषणा नाही. नुसत्या बसतात आणि ऊन उतरलं की उठून घरी जातात. आईला ताप असला तरी ती वीस तारीख चुकवत नसे. आठवड्यातून दोनदा मला मात्र म्हणायची, माझे गुडघे गेले, मला पाण्यालासुद्धा उठवत नाही.

आमच्या वस्तीतले विरोधी पक्ष मतदानावर बहिष्कार घालून बसले होते. आईला पक्षांशी देणंघेणं नव्हतं, तिचा बहिष्कार तिच्या घरचा होता. रेडिओवर एक बाई फार गोड आवाजात म्हणाली, "आपला देश संक्रमणकाळातून परत येत आहे." आई भेंडी चिरत होती. सुरी तशीच हातात धरून ती म्हणाली, "परत येतोय? मग विचार त्याला, वाटेत माझा पोरगा दिसला का."

मी रेडिओ बंद केला.

"आणि ऐक जिमादूम," ती म्हणाली, "या घरातून जो मत द्यायला जाईल, त्याने माझ्या हातचं खायचं नाही. तू असलास तरी."

बायको मुलांना घेऊन नाताळला माहेरी, मुंदूला गेली होती. साहेबांचं बोलणं मी तिला फोनवर सांगितलं, पण ती इथे असती तर काहीतरी वाट काढली असती. मी एकटा दोन दिवस घरातून अंगणात आणि अंगणातून घरात फेऱ्या मारत राहिलो. शेवटी रविवारी दुपारी चर्चहून आल्यावर भिंतीपलीकडच्या कल्तूमा मावशीकडे गेलो.

कल्तूमा मावशी नवऱ्या मुलींचे हात रंगवते. अर्ध्या शहरातल्या मुसलमान नवऱ्या तिच्या हाताखालून गेल्यात. मेंदीत केसांच्या डायची पावडर कालवून ती असा काळाकुट्ट रंग करते की बोटांची टोकं नवरीला महिनाभर मिरवता येतात. अलारासेमवर तिचा फार जीव. आम्ही ख्रिस्ती, आमच्यात हे काही नाही, तरी ती आईला सांगून बसली होती, की तुझ्या धाकट्याच्या लग्नात सुनेचे हात मीच रंगवणार, आणि फुकट रंगवणार.

मी दारात उभा राहिलो आणि नुसतं डाव्या हाताचं बोट वर केलं. तिने कपाळाला हात लावला.

"ये, नवरीबाई, बस. सकाळपासून तू पाचवा. आधी शाळेचा मास्तर आला, मग दवाखान्यातला कंपाउंडर. तिकडे मतदानाच्या खोलीत माश्या मारतायत म्हणे आणि इथे माझ्या दारात रांग."

"मावशी, हसू नकोस."

"हसू नको तर काय करू? वरातीला बोलावणार आहेस का? आण तो हात."

तिने वाटीतला रंग काडीने घेतला, नखावर आणि पहिल्या पेरापर्यंत लावला आणि वर प्लॅस्टिकचा तुकडा गुंडाळला. बोट लगेच चुरचुरायला लागलं. मी तसं म्हणालो, तर ती म्हणाली, "पोरी रडत नाहीत, तू रडतोस." पण फुंकर घातली. रंग धुतला तेव्हा बोट इतकं काळं झालं होतं की सरकारी शाईने लाजावं.

घरी आलो तर आई नव्हती. चूल विझलेली. गुडघे गेलेली बाई गेली कुठे, म्हणून मी रस्त्यावर बघायला निघणार, एवढ्यात ती धूळ उडवत फाटकातून आत आली. थंडीची शाल अंगाला घट्ट लपेटलेली, श्वास लागलेला. तिची नजर पहिली गेली ती माझ्या बोटावर.

ती बाजेवर बसली. तिचा चेहरा असा झाला की तिने मला मारलं असतं तर बरं, असं वाटलं.

"गेलास," ती म्हणाली.

"नाही गेलो."

"बोट काय म्हणतंय?"

"आई, वास घे. रंग आहे, कल्तूमा मावशीचा. नवरीचा रंग. अलारासेमची शपथ, मी गेलो नाही."

तिने माझं बोट ओढून नाकाला लावलं. मग हुंगलं, परत हुंगलं. डायचा तो उग्र वास लपणारा नव्हताच. तिने माझा हात सोडला आणि एकदम हसायला लागली. हसताना शालीतून तिचा डावा हात बाहेर आला. पहिलं बोट मुळापासून काळंनिळं होतं. शालीचं एक टोकही ओलसर काळं झालं होतं.

"आई? तू?"

"मूर्ख आहेस तू," ती हसता हसता म्हणाली, आणि तिचं हसू तिथेच मोडलं. "मला एक शब्द बोलला असतास तर! तुझ्या साहेबाचं बोटाचं मला माहीत होतं. तुझी बायको फोनवर रडली. तू माझ्या शब्दाखातर जाणार नाहीस, हेही माहीत होतं. म्हटलं, शाई घरी आणू."

"शाई घरी?"

"बाटलीत बोट बुडवलं ते पार तळापर्यंत. ती पोरगी ओरडली, आजी, बास. मी शालीचं टोक त्यात बुचकळलं आणि निघाले. वाटेत धावले जिमादूम, या गुडघ्यांनी धावले. वाळेल म्हणून."

तिने ते टोक थुंकीने भिजवून माझ्या दुसऱ्या बोटावर घासून पाहिलं. शाई केव्हाच वाळली होती. बोटावर जरासा राखाडी डाग उठला, बस.

"आणि मत?" मी विचारलं.

"कसलं मत? कागदावर चेहरे होते. त्या पोरीला विचारलं, यात माझा अलारासेम कुठाय. मी कोरा कागद टाकून आले."

त्या दिवशी आईने स्वतःच्या हाताने बाजरीचा गोळा आणि भेंडीचं कालवण केलं आणि मला वाढलं. स्वतः जेवली नाही. शपथ तिने घातली होती आणि ती तिच्यावरच फिरली होती. मी खूप म्हणालो, ऐकलं नाही. शेवटी मीच घास करून तिच्या तोंडात घातला, कारण तिच्या हातचं खायचं नाही एवढंच ती म्हणाली होती, माझ्या हातचं नाही असं नव्हे.

सोमवारी सकाळी माझं बोट सुजून टम्म झालं. रंग कातडीला मानवला नव्हता, टोकाला पाण्याचे फोड आले होते. पट्टी बांधल्याशिवाय स्टिअरिंग धरता येईना. म्हणजे इतकं रामायण करून बोट पट्टीच्या आत. साहेबांच्या घरासमोर मी जीव मुठीत धरून दार उघडलं. ते बसले, फोन काढला.

"हाताला काय झालं रे?"

"भाजलं, साहेब. पण बोट काळं आहे, दाखवू का? पट्टी सोडतो."

"शी! नको नको. सीटला काही लागू देऊ नकोस." आणि जांभई देत म्हणाले, "काल गर्दी होती का तुमच्याकडे? मी मळ्यावर होतो, उठवलंच नाही."

आरशात मला त्यांचे दोन्ही हात दिसत होते. फोन धरलेली दहा बोटं, लोण्यासारखी स्वच्छ. खात्यातही कुणी कुणाचं बोट पाहिलं नाही, सगळे नव्या वर्षाच्या सुट्ट्यांचं बोलत होते. मला राग यायला हवा होता. आला नाही. नुसती झोप आली, दिवसाढवळ्या.

घरी आईने विचारलं, "पाहिलं साहेबाने?"

"पाहिलं. खूश झाले."

"मग झालं," ती म्हणाली.

पण झालं नव्हतं. आईच्या कातडीवरची शाई लिंबाने, राखेने, रॉकेलने हळूहळू गेली. नखावरची जाईना. नख वाढेल तेव्हाच जाणार. जानेवारीची वीस तारीख जवळ आली तशी ती तो हात पदराखाली ठेवून वावरायला लागली. एकोणीस तारखेला म्हणाली, "उद्या मला नेऊ नकोस. गुडघे दुखतायत."

"आई, ताप असताना गेली आहेस तू."

"त्या बायांमध्ये हे नख घेऊन बसू? काय सांगू त्यांना? माझ्या एका पोरासाठी मी दुसऱ्याला विकून आले, असं सांगू?"

माझ्या नोकरीपायी तिची बसायची जागा गेली होती आणि त्या नोकरीसाठी काळं बोट शेवटी कुणी पाहिलंही नव्हतं. मी भिंतीवरून कल्तूमा मावशीला हाक मारली आणि सगळं सांगितलं. ती वाटी घेऊनच आली.

"काढ हात. दोन्ही."

"मी? विधवा बाई, या वयात?" आई म्हणाली. "लोक काय म्हणतील?"

"एक नख काळं दिसलं तर लोक विचारतील. दहा दिसली तर म्हणतील, म्हातारीला चळ लागला. चळ बरा."

"जिमादूमला फोड आले, बघितलेस ना?"

"त्याचं कातडं साहेबी. तुझं चुलीने केव्हाच मारून टाकलंय."

आईने हात पुढे केले. मावशीने एकेक बोट मन लावून रंगवलं, नवरीचं रंगवते तसं, टोकाला बारीक रेघ ओढून. एरवी तिचं तोंड बंद होत नाही. त्या दिवशी शेवटच्या बोटापर्यंत गप्प होती. मग म्हणाली, "हे हात मी तुझ्या सुनेचे रंगवायचे होते." आणि वाटी घेऊन निघून गेली. पैसे तिने घेतले नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी आईला मोटरसायकलवर बसवून चर्चच्या मागे नेलं. ती मला इतकी घट्ट धरून बसली होती की माझ्या पोटावर तिची काळी बोटं दिसत होती. बायका आधीच येऊन बसल्या होत्या. आईची चटई घेऊन मीच पुढे झालो, कारण तिचं पाऊल उचलेना.

चटई अंथरताना मी वर पाहिलं. शालींच्या कडांवर, मांड्यांवर, काठ्यांवर हात होते. त्यातल्या कितीतरी हातांची बोटं काळी होती, दहाच्या दहा, टोकाला बारीक रेघेसकट. कुणाचा जावई जकातीत, कुणाची मुलगी सरकारी दवाखान्यात, हे मला माहीत होतं. बाकीचं मला आत्ता कळलं.

आई उभीच राहिली. सगळ्यांत म्हातारी बाई होती तिने आईचा हात धरून तिला खाली बसवलं. आईच्या बोटांकडे ती बराच वेळ बघत राहिली. तिची स्वतःचीही तशीच होती.

"घरात लग्न आहे का गं?" तिने विचारलं.

"हो," आई म्हणाली. "धाकट्याचं."

"आमच्याकडेही," म्हातारी म्हणाली. "धाकट्याचंच."

मग मी बाहेर येऊन मोटरसायकलपाशी थांबलो, ऊन उतरेपर्यंत.