उशांची मांडणी

चंद्रप्रभा सोफ्यावर टेकली तोच श्रीपादरावांनी तिच्या पाठीमागची उशी ओढून काढली. दोन्ही हातांनी थोपटून फुगवली, वरच्या कडेला मधोमध दाबून खळगी पाडली आणि ती खुर्चीवर ठेवत म्हणाले, "ही टेकायची नाही. मांडायची आहे."

ती शाळेत तीन तास उभं राहून परीक्षेचं पर्यवेक्षण करून आली होती आणि कमरेत कळ मारत होती. पाठ ताठ ठेवून ती तशीच बसली. श्रीपादराव बाजूला उभे राहिले, ती उठण्याची वाट बघत.

सहकारी बँकेतून निवृत्त होऊन त्यांना आठ महिने झाले होते. नोकरीच्या पस्तीस वर्षांत या माणसाने घरातली एक चादर सरळ केली नव्हती. निवृत्तीनंतर पंधराच दिवसांत मात्र गंजगोलाईच्या बाजारातून ते सोफ्यासाठी सात उशा घेऊन आले. "कुशन म्हणतात याला," असंही त्यांनी तिला सांगितलं. पुढच्या महिन्यात पलंगासाठी नऊ आल्या. मोठ्या मागे, मधल्या त्यांच्यापुढे, सगळ्यांत पुढे एक लांबट. रात्री त्या उतरवायच्या, सकाळी चढवायच्या. दुपारी पडावंसं वाटलं तर चंद्रप्रभा सतरंजी टाकून खाली पडे, कारण पलंग मांडलेला असे.

ती भांडून बघत होती. श्रीपादराव उलट उत्तर देत नसत. ऐकून घेत आणि उशीचं टोक सरळ करत. त्याचाच तिला जास्त संताप येई.

मागच्या महिन्यात ती तापाने पडली तेव्हा मुख्याध्यापिका बुद्धप्रिया मॅडम भेटायला आल्या. त्या होत्या तेवढा वेळ श्रीपादराव सोफ्यामागे उभे होते. मॅडम पाण्याचा पेला घ्यायला पुढे झुकल्या की हे मागची उशी नीट करत. दुसऱ्या दिवशी मॅडमनी स्टाफरूममध्ये हळूच विचारलं, "सर बरे आहेत ना?" हळू विचारलं, तरी सगळ्यांनी ऐकलं. ते तिच्या मनात अजून सलत होतं.

रविवारी सकाळी श्रीपादराव भाजी आणायला गेले आणि चंद्रप्रभाने दोन चादरी जमिनीवर पसरल्या. सोळाच्या सोळा उशा त्यांत कोंबल्या, गाठी मारल्या आणि दोन्ही गाठोडी जिन्यावरून ओढत गच्चीवर नेऊन टाकली. कमर दुखली, पण बरं वाटलं. खाली येऊन ती उघड्या सोफ्यावर पाय वर घेऊन बसली. आल्यावर त्यांना काय काय ऐकवायचं ते तिने मनात नीट लावून ठेवलं होतं.

दारावर थाप पडली. बाहेर गुरुलिंग उभा होता. श्रीपादरावांच्या हाताखाली बँकेत वीस वर्षं काढलेला. अंगात कडक इस्त्रीचा सदरा, काखेत पत्रिकांची पिशवी. थोरल्या मुलीचं लग्न ठरलं होतं, उदगीरला.

"वैनी, साहेब न्हाईत का?"

येतीलच, बसा, असं म्हणून तिने पाणी दिलं. पत्रिका घेतली. मुलाचं, मुलाकडच्यांचं विचारून झालं. मग गुरुलिंगने विचारलं, साहेबांचं कसं चाललंय, आणि तिला राहवलं नाही. रागाच्या भरात ती सगळं बोलून गेली. उशा, पलंग, मॅडम, गच्ची. ऐकणारा हसेल असं तिला वाटलं होतं. हसायला हवं होतं त्याने.

गुरुलिंगने पेला खाली ठेवला.

"तिथंबी हेच करायलते, वैनी. शेवटची दोन वर्षं."

"तिथं म्हणजे?"

तो थांबत थांबत सांगत गेला. नव्या मॅनेजरने एका फाइलीवर सही मागितली. कागद खोटे आहेत, म्हणून श्रीपादरावांनी केली नाही. आठवड्याभरात त्यांचं टेबल गेलं. टेबलाच्या जागी मशीन येणार म्हणून सांगितलं. ते कधी आलंच नाही. साहेब हॉलमध्ये बसायला लागले, गिऱ्हाइकांच्या खुर्च्यांवर. खुर्च्यांच्या रांगा लावायच्या, अर्जांचे गठ्ठे नीट ठेवायचे. मॅनेजरच्या केबिनमध्ये सोफा होता, त्यावर सात कुशनं. कुणी भेटून गेलं की घंटी वाजायची. साहेबांनी आत जायचं आणि ती परत मांडायची.

"कशी मांडायची त्याचा फोटोच होता मॅनेजरच्या मोबाइलवर. इकडची तिकडं झाली की परत बोलवायचा. समद्यांसमोर."

चंद्रप्रभाला ती दोन वर्षं आठवली. रोज साडेनऊला डबा. संध्याकाळी ते आले की ती विचारायची, काम फार होतं का, आणि ते म्हणायचे, होतं. कधीकधी तर तिने विचारलंही नव्हतं. वह्या तपासायच्या असायच्या.

"आणि तुम्ही?" ती म्हणाली.

गुरुलिंगने वर पाहिलं.

"तुम्ही वीस जण होता तिथं. तुम्ही काय करत होता?"

"माझ्या लेकी शिकायलत्या, वैनी." थोड्या वेळाने तो म्हणाला, "साहेबच म्हणले होते, तू मधी पडू नको म्हणून."

"ते म्हणतीलच."

फाटक वाजलं. श्रीपादराव दोन्ही हातांत पिशव्या घेऊन आत आले. गुरुलिंगला बघून त्यांचा चेहरा उजळला, आणि मग नजर सोफ्यावर गेली. "उशा कुठं आहेत?"

चंद्रप्रभाने त्यांच्या हातातल्या पिशव्या घेतल्या आणि खांद्याला धरून त्यांना खुर्चीवर बसवलं. एवढ्या जोरात की ते गोंधळून बसलेच.

"गच्चीवर आहेत," ती म्हणाली. "गुरुलिंगभाऊ, दोन गाठोडी आहेत. घेऊन या."

"अगं, तो पाहुणा—"

"बसा तुम्ही."

गुरुलिंग दोनदा वर गेला, दोनदा खाली आला. सदऱ्याला गच्चीवरची धूळ लागली. त्याने गाठी सोडल्या. श्रीपादराव उठायला लागले तेव्हा चंद्रप्रभाने त्यांचं मनगट धरलं.

"ते मांडतील."

गुरुलिंग खाली मान घालून मांडू लागला. ढिगातल्या सोळांमधून सोफ्याच्या सात त्याने बिनचूक वेगळ्या काढल्या. मोठ्या दोन्ही टोकांना, त्यांच्यापुढे मधल्या तिरक्या, मधोमध लांबट. प्रत्येक थोपटली, प्रत्येकीच्या वरच्या कडेला खळगी पाडली. त्याला काही विचारावं लागलं नाही. दोन वर्षं हीच मांडणी तो रोज बघत आला होता.

तिच्या हातातलं मनगट ढिलं पडलं. श्रीपादराव तिच्याकडे बघत होते. तिने नजर वळवली नाही.

"याने सांगितलं?"

"तुम्ही सांगायला हवं होतं."

श्रीपादराव मग उठले, सोफ्यावरच्या दोन उशा उचलून जमिनीवर ठेवल्या आणि म्हणाले, "बस, गुरुलिंग. किती तारखेचं आहे लग्न?"

गुरुलिंग कडेला टेकला. त्याला तारीख पटकन सांगता आली नाही.

चंद्रप्रभा आत गेली. ओट्याशी उभी राहून तिने चहा केला. उकळी आली, चहा उतू जायला लागला, तरी गॅस बारीक करायचं तिला सुचलं नाही. दोन कप भरून ती बाहेर आली. एक श्रीपादरावांच्या हातात दिला. दुसरा घेऊन स्वतः समोरच्या खुर्चीवर बसली.

गुरुलिंगने पिशवी मांडीवर ओढून घेतली आणि पत्रिका सारख्या करू लागला.

श्रीपादरावांनी आपल्या कपाकडे पाहिलं. अर्धा चहा बशीत ओतला, कप गुरुलिंगपुढे सरकवला आणि बशी स्वतः तोंडाला लावली.

चंद्रप्रभा खिडकीकडे तोंड करून आपला चहा पीत राहिली.