टेलिफोनच्या तारेवरचा वेताळ

दिवेलागणीला माणिकरावांच्या आडत दुकानापुढं अशी झुंबड उडाली होती, की मागून आलेल्यांना सरकीच्या पोत्यांवर चढून बसावं लागलं. ओट्यावर टेबल, टेबलावर काळा टेलिफोन. टेलिफोनला झेंडूचा हार. हँडलला हळदकुंकू. रिसीव्हरच्या तोंडाशी सप्ताहाचा माईक बांधलेला आणि समोरच्या लिंबावर कर्णा. त्या कर्ण्यातून अख्ख्या बोरटाकळीला ऐकू येत होती नुसती खरखर. कुणी पत्र्याच्या घागरीत खडे घालून ती जोरात हलवावी, तशी.

टेलिफोनसमोर मांडी घालून तारानाथबाबा बसले होते. काळी कफनी, कपाळभर शेंदूर, आणि गळ्यात खांबावर असतात तसल्या पांढऱ्या चिनीमातीच्या वाट्यांची माळ. बाबांनी डोळे फिरवले.

"अलख! खंबे का खवीस, तार का वेताळ! लैन छोड, नहीं तो गर्दन मरोड! आरं, कोंबडं आणलं का?"

"आणलं, बाबा."

"काळं?"

"जरा तांबूस हाय."

"तरीच हटंना!" बाबा खेकसले. पण कोंबडं त्यांनी परत दिलं नाही. ते मांडीखाली दाबून त्यांनी शंख उचलला आणि गाल फुगवून असा फुंकला, की पोत्यावरचं एक पोरगं दचकून खाली आलं. शंखाचा आवाज शिवारात विरला. आणि थोड्या वेळानं खरखर एकदम थांबली. कर्ण्यातून पालमचे भगवानराव लख्ख बोलू लागले, "हॅलो, बोरटाकळी? मी मघापासून ओरडायलोय. माझा उंट ऐकला का?"

"तारानाथबाबा की जय!" गर्दीनं आभाळ डोक्यावर घेतलं.

टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बुद्धिबळाचा पट मांडून शाळेच्या मोठ्या बाई, कुसुमबाई, बसल्या होत्या. त्यांनी गुपचूप उंट सरकवला, आपला घोडा भगवानरावांना सांगितला आणि तीन मिनिटं संपून ट्रंक कॉल तुटला. बाई पटाकडं बघत होत्या खऱ्या, पण लक्ष बाबांच्या शंखाकडं होतं.

या खेळाचं कारण मोठं गोड होतं. हभप आश्रुबा महाराजांचा माघातला एकच सप्ताह मोकळा होता आणि तो बोरटाकळीलाही हवा होता, पालमलाही. महाराजांना कीर्तनाच्या खालोखाल बुद्धिबळाचा नाद. ते हसून म्हणाले, "जो गाव डाव जिंकंल, तिथं माझा टाळ वाजंल." ते साल नामांतराच्या धामधुमीचं. आज मोर्चा, उद्या बंद, यष्टीचा काही नेम नाही. म्हणून डाव टेलिफोनवर खेळायचा ठरला. रोज सांजेला एक कॉल, त्यात जमतील तेवढ्या चाली. तिकडून भगवानराव. ते आणि कुसुमबाई अध्यापक विद्यालयात एका वर्गात होते. इकडून कुसुमबाई, कारण गावात त्यांच्यापुढं दुसऱ्या कुणाचा वजीर टिकत नव्हता.

पण डाव सुरू होतो न होतो तोच लाइन बिघडली. सांज झाली की खरखर. चाल अर्धी पोचायची, अर्धी तारेत राहायची. गाव हवालदिल झालं. आणि नेमके तेव्हाच तारानाथबाबा उगवले. म्हणाले, तारेवर वेताळ बसलाय. शंख फुंकला, वेताळ पळाला. दुसऱ्या दिवशी वेताळ परत हजर. मग नारळ. मग गूळ. मग कोंबडं. एखाद्या दिवशी शिधा कमी पडला, की बाबा म्हणायचे, "रुसला!" आणि त्याची समजूत घालायला म्हणून दोनदा शंख फुंकायचे, की साफ झालेली लाइन मधेच पुन्हा खरखरायची.

इथवर सगळं गंमतीचं होतं. बाईसुद्धा गालात हसून सोडून देत होत्या. पण त्या सांजेला कॉल झाल्यावर बाबांनी बोट उचललं आणि गावाबाहेरच्या दिशेला रोखलं.

"वेताळ एकला न्हाई. त्याला बोलावणारी हाय. जिच्या झोपडीवरून तार जाती, तिची नजर वाईट हाय. उद्या अवस. उद्याच्या कॉलात लैन साफ झाली तर समजा देवाचा हुकूम झाला. तिला शिवंबाहेर घाला. त्या जागी आमी धुनी पेटवतो. मग तुमची लैन जन्मात बिघडणार न्हाई."

तार जात होती ती कडूबाईच्या झोपडीवरून. कडूबाई म्हातारी, एकटी. दुसऱ्याच्या रानात निंदण-खुरपण करून पोट भरणारी. जीभ तिखट, पण कीर्तनात पहिल्या ओळीला टाळ घेऊन बसणारी. बाईंची आणि तिची मैत्री तिथलीच.

"कुणाला मंजूर हाय?" माणिकरावांनी विचारलं. आधी कुणीच हललं नाही. मग एक हात वर झाला. मग शेजारच्याचा. मग बरेच.

"अहो, असं कसं?" कुसुमबाई उभ्या राहिल्या. "म्हातारीनं कुणाचं काय केलंय?"

बाबा गोड हसले. "बाई, तुमी तर कीर्तनात डोलता म्हणं. देवाची माणसं तुमी. अन् देवाच्या कामात शंका?"

"कीर्तनात बुवा माझ्या मनातली भीती काढतात," बाई म्हणाल्या. "तुम्ही घालायलात. तेवढाच फरक आहे."

दोघंतिघं हसली, बाकीच्यांनी माना खाली घातल्या. पण वर झालेले हात काही परत घेतले नाहीत.

*

दुसऱ्या दिवशी दुपारीच बाई कडूबाईकडं गेल्या. म्हातारी गाठोडं बांधत होती. एक लुगडं, एक टाळांची जोडी, पितळी तांब्या.

"हे काय?"

"जाती लेकीकडं वालूरला. ते घालवायच्या आधी आपणच गेलेलं बरं." कडूबाईनं गाठ आवळली. "बाई, मी विचार करायले. माझ्या नजरेत येवढी ताकद असती, तर आधी तो कर्णा नसता का बंद पडला? रातच्याला कानात खरखर राहती माझ्या."

बाईंना हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं. "सांजेपर्यंत थांब. मी सांगेपर्यंत उंबरा ओलांडू नको."

झोपडीला लागूनच माणिकरावांची ज्वारी. कणसं भरली होती. मधोमध चार मेढींवर माळा आणि माळ्यावर राखणदार. दोर ओढला की दोराला अडकवलेली तेलाची रिकामी डबडी खडखड वाजायची आणि चिमण्यांचा थवा भुर्रकन उडायचा. यात नवल ते काय? पण बाईंनी विचारलं, "हा राखणदार कुठला गं? कधी पाहिला नाही."

"भुजंग म्हणं. बाबा यायच्या आधी दोन-चार दिस आला काम मागत. लय गुणाचा बघा. दुसरे राखणदार दिस मावळला की घरी पळतेत. ह्यो अंधार पडेस्तोवर डबडी वाजवायलाय."

बाईंच्या कपाळावर आठी पडली. "दिवस मावळल्यावर?"

"तर! तिकडं शंख वाजला की मग गप होतो."

"अगं, दिवस मावळल्यावर पाखरं कुठली आलीत? ती तर बाभळीवर झोपी जातात."

"ते आपल्याला ठावं," कडूबाई म्हणाली. "त्याला कोण सांगणार? शहाण्याला काम अन् याड्याला नाद."

कुसुमबाई उठल्या. माळ्यापासून निघालेला दोर त्यांनी नजरेनं धरला आणि बांधाबांधानं त्याच्या मागं निघाल्या. दोर ज्वारीवरून, डबडी मिरवत बांधापर्यंत आला होता. तिथं त्याचं दुसरं टोक बांधायला खरं म्हणजे मेढ रोवायला हवी. पण बोरटाकळीत रोवलेला खांब आयता मिळाला तर दुसरा रोवायचा आळस आहे. गुरं बांधायची ती खांबाला, धुणं वाळत घालायचं ते खांबाला. इथंही दोराच्या टोकाला लोखंडी तार जोडून ती थेट टेलिफोनच्या खांबाला, वरच्या आडव्या पट्टीला गुंडाळली होती. तारेचा लांब शेपटा तसाच मोकळा सोडलेला. बाई बघत असतानाच भुजंगनं दोर ओढला. पट्टीवरचा शेपटा उसळला आणि टेलिफोनच्या दोन्ही उघड्या तारांवर जाऊन खडखडला.

बाई बराच वेळ वर बघत उभ्या राहिल्या. मग पदर तोंडाला लावून एकट्याच हसल्या आणि तडक विठ्ठलाच्या देवळात गेल्या.

*

अवसेच्या सांजेला पोत्यांवरसुद्धा जागा उरली नाही. कडूबाईच्या झोपडीवर जायला माणसं तयार होती. कुणाच्या हातात टेंभा, कुणाच्या हातात काठी. कॉल लागला आणि कर्णा खरखरू लागला. बाबांना चेव चढला.

"आज जोरात हाय! आज त्या बाईनं सगळी ताकद लावलीय! बघा, कसा दात खायलाय! मी हात लावत नाही तोवर हा हलणार न्हाई! ब्रह्मदेव आला तरी…"

भूऽऽऽ!

शंख वाजला. पण बाबांचा शंख त्यांच्या मांडीवरच होता. सगळ्यांच्या माना वळल्या. कुसुमबाई देवळातला शंख हातात धरून उभ्या होत्या.

"बाईमाणसानं शंख फुंकला!" कुणीतरी ओरडलं.

"काकड्याला रोज मीच फुंकते," बाई म्हणाल्या. "तुम्ही झोपेत असता."

आणि तेवढ्यात खरखर थांबली. कर्ण्यातून भगवानरावांचा आवाज आला, "हॅलो! माझं प्यादं पुढं…"

बाबांचं तोंड उघडं राहिलं. मग ते सावरले. "बघा, बघा! माझा मंतर आधीच पोचला होता!"

"हो का? मग आता बिघडवा बरं," बाई म्हणाल्या.

"हा काय खेळ हाय?"

"खेळच आहे. जमत नाही? मग मी बिघडवते." बाईंनी शंख दोनदा फुंकला.

खर्रर्रर्र! भगवानरावांचं प्यादं तारेतच अडकलं.

गर्दीत एक पोक्त माणूस फसकन हसला. बाईंनी एकदा फुंकलं: लाइन साफ. दोनदा फुंकलं: खरखर. एकदा: साफ. कर्ण्यातून भगवानराव कळवळून म्हणाले, "बाई, तुमच्याकडं लगीन हाय का काय? मी चाल सांगू का अक्षता टाकू?"

आता मात्र दुकानापुढं हशा पिकला. बाया पदर तोंडात कोंबून हसत होत्या. बाबांनी हळूच शंख झोळीत टाकला, कोंबडं बगलेत मारलं आणि मागच्या दारानं सरकायला लागले, तर तिथं माणिकराव उभे.

"बसा, बाबा. वेताळानं बाईंचा हुकूम कसा काय ऐकला, तेवढं सांगून जा."

"मी सांगते," बाई म्हणाल्या. "टेंभे पेटवलेच आहेत, तर ते कामी लावू. चला माझ्यासंगं."

बाबांना पुढं घालून सगळं गाव ज्वारीच्या बांधावर गेलं. माळ्यावर भुजंग दोर हातात धरून पुढच्या शंखाची वाट बघत होता. एवढे टेंभे बघून त्यानं दोर सोडला आणि तिथूनच हात जोडले. "मला मारू नका! गुरूनं सांगितलं, अंधार पडला की वढत ऱ्हा. एक शंख, थांब. दोन शंख, पुन्हा वढ. मला येवढंच ठावं!"

बाईंनी त्याला एकदा ओढायला लावलं आणि वर टेंभा धरला. लोखंडाचा शेपटा दोन्ही तारांवर थडथडताना सगळ्यांनी बघितला.

"टेलिफोनचं बोलणं या दोन तारांतून जातं. त्या एकमेकींपासून लांब असल्या तर बोलणं पालमला पोचतं. मधे लोखंड घातलं, की ते इथंच आडवाटेनं फिरतं. आपल्या कानात राहते ती खरखर. एवढाच वेताळ."

माणिकराव खांबाजवळ गेले, तार निरखली आणि मान खाली घालून परत आले. "बाई, ही तार तर माझीच. मेढ रोवायचा कंटाळा आला म्हणून पेरणी झाल्यावर मीच बांधलेली. बाबा यायच्या आधीची खरखर…"

"वाऱ्याची. तार तुमची, वारा देवाचा. बाबा आणि भुजंग, या दोघांनी फक्त वाऱ्याची वाट बघायचं सोडून दिलं."

काठ्या उगारल्या गेल्या. बाबा बाईंच्या मागं लपले. "माय, पोटासाठी केलं!"

"कुणी हात लावायचा नाही," बाई म्हणाल्या. "यांचा निवाडा फौजदार करतील. आपला कोण करणार? काल दुकानापुढं वर झाले ते हेच हात ना? यांनी शंख फुंकला. म्हातारीला घालवायचं ठरवलं ते तुम्ही."

काठ्या एकेक करून खाली आल्या. मग माणिकराव पायांतल्या वहाणा काढून झोपडीच्या दारात गेले. कडूबाई गाठोड्यावर बसली होती.

"काकू, चुकलं. माझाच हात पहिला वर झाला होता."

"दिसला मला हितनंसुदीक," कडूबाई म्हणाली. "ह्ये गाठोडं बांधायला माझा अर्धा दिस गेला. आता तू बस अन् सोड."

गावच्या सगळ्यात मोठ्या आडत्यानं उकिडवं बसून गाठ सोडली. लुगडं काढून वलणीवर टाकलं.

बाई लोकांकडं वळल्या. त्यांचा आवाज चढलेला नव्हता. कीर्तनात बुवा निरूपणाला येतात तसा तो खाली आला होता.

"माझा देव आहे. मी त्याला रोज हात जोडते, जोडत राहीन. पण तो कुणाच्या तारेवर बसत नाही, कोंबडं मागत नाही आणि म्हातारीला घराबाहेर काढा असं तर मुळीच सांगत नाही. असं सांगणारा भेटला, की त्याच्या पाया पडायच्या आधी तार कुठं जाते ते चालत जाऊन बघा. फार लांब नव्हती. आपल्याच बांधापर्यंत होती. आपल्यापैकी एकालाही तिथवर जावंसं वाटलं नाही, आणि तेवढ्यापायी आज एका माणसाचं घर गेलं असतं. डोळे देवानंच दिलेत. ते मिटून त्याची भक्ती होत नाही."