बादलीतल्या भाकरी

भेस्तानच्या कामगार वस्तीत, एका खोलीच्या घरात रंजनाने ओट्याखाली खताची बादली ठेवली, तेव्हा नवरा गोपाल नाक मुरडून हसला होता. पण भाजीची देठं, सालं, चहाचा चोथा, वर सुका पाला आणि नारळाचा भुसा, एवढ्यावर बादली नीट चालली. झाकण उघडलं की ओल्या मातीचा वास यायचा. खिडकीतल्या डब्यांतली मेथी त्याच खतावर तरारली होती.

मग एकाएकी आंबूस वास सुटला. रंजनाने भुसा वाढवला, बादली उन्हात ठेवली, तरी वास हटेना. शेजारच्या उषाबाईंनी दोनदा विचारलं, तेव्हा तिची तिलाच लाज वाटली. गोपाल पलसाण्याच्या डाइंग मिलमध्ये पाळीवर गेल्यावर तिने जुनं पोतं अंथरलं आणि बादली त्यावर उपडी केली.

काडीने उकरलं, तर वरचा थर सालांचा होता. त्याखाली भाकरी निघाली, बुरशीने निळी पडलेली. तिच्याखाली आणखी एक, मग कागदात गुंडाळलेले तुकडे, आणि तळाशी तिने सणाला केलेल्या पुरणपोळीचा गोळा. रंजनाच्या हातातली काडी तिथेच थांबली.

भाकरी तिच्याच हातच्या होत्या. गोपाल डबा नेत असे. दुपारी ती घरी काम केलेल्या साड्यांचे गठ्ठे पोचवायला गेली की घरी एकटे सासरे उरत. धुडकूआबा, उभं आयुष्य कापडाच्या लूमवर घालवलेला माणूस, पानात शीतही न टाकणारा. तिला आधी संताप आला. आपलं रांधलेलं इतकं वाईट लागतं का यांना?

ती तशीच, हात न धुता, खाटेपाशी गेली. "आबा, माझं जेवण बादलीत का टाकता?"

आबांनी गळ्याखाली, छातीच्या मधोमध बोट ठेवलं.

"उतरत नही, माय. घास अठेच अडकस."

डाळीची वाटी रोज चाटूनपुसून रिकामी असायची, पाण्यासारखं पातळ ताक संपलेलं असायचं. ते बघून आबा जेवले असं तिने धरलं होतं. सदरा ढिला झाला तर वय झालं म्हणून सोडून दिलं होतं. आता तिने त्यांचं मनगट धरलं, तर बोटांत नुसतं हाड आलं. दवाखान्यात नेण्यात गोपालची पाळी बुडेल म्हणून सांगितलं नाही, असं आबा पुढे म्हणाले. तिला ते धड ऐकूही आलं नाही.

दुसऱ्या दिवशी मोठ्या सरकारी दवाखान्यात नळी घालून तपासलं. अन्ननलिकेत गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, आशा आहे. आणखी उशीर झाला असता तर पाणीही उतरलं नसतं. तुकड्याचा रिपोर्ट आला की आधी औषधं, मग किरणांचा शेक, त्यानंतर ऑपरेशनचं बघू. गोपाल हो हो म्हणत राहिला. बाहेर आल्यावर मात्र त्याने बाकावर बसून दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मी त्यांच्यासोबत एकाच खोलीत राहतो गं, एवढंच तो म्हणाला.

संध्याकाळी रंजनाने तांदळाची पातळ पेज केली. आबा घोट घोट घेऊ लागले. प्रत्येक घोटागणिक ती त्यांच्या गळ्याकडे बघत होती, पापणी न लववता.

आबांनी वाटी खाली ठेवली.

"अशी देखू नको, माय," ते हळूच म्हणाले. "पितो ना मी."