सैल मातीतला सतरावा

मित्रांनो, मुठीएवढ्या केशरी डबीत राहणारा मी एक जुना जिओफोन आहे. पोटात तारेचे वेटोळे आणि लोहचुंबक, खाली बोटभर लांबीचा लोखंडी खिळा. दूर कुणी पोलादी पाटावर घण मारला की जमिनीतून येणारा हादरा मी टिपतो. कातळातून तो झटकन येतो, वाळू-गोट्यांतून रेंगाळत येतो. त्या उशिरावरून गाडल्या गेलेल्या नदीचे पात्र ओळखतात. अशा पात्राच्या तळाशी जड खनिजे साचलेली असतात.

केबलवर आम्ही चोवीस जण. मी सतरावा. आम्हाला रोवायचे काम मामांचे. सर्वेक्षणाच्या तळावरचे सगळे त्यांना मामाच म्हणत. वरची भुसभुशीत माती खरवडायची, घट्ट जमीन लागली की खिळा दाबायचा, ही त्यांची वीस वर्षांची रीत. रोज काम संपले की आमचे खिळे ते स्वतःच्या रुमालाने पुसत.

त्या मोसमात कथिल शोधायचे होते. मंजुरी दोनच बोअरची. दोन्ही वाया गेली तर तळ उठणार, अकरा माणसांचे काम जाणार. सोळा ते एकोणीस या आमच्या नोंदींत हादरा उशिरा पोचलेला दिसला. "नदी इथेच," सर्वेक्षण प्रमुख बाई म्हणाल्या. पहिले बोअर तिथे घेतले. चार मीटरवर कातळ लागला. गोटा एकही नाही.

दुसऱ्या दिवशी बाईंनी आम्हा चौघांना टेबलावर ठेवले. "हे म्हातारे झालेत. भंगारात टाका. ही जागाही सोडू या."

"मामा, तुमची पोरं नापास झाली हो!" घणवाला हसला.

मामा हसले नाहीत. "पोरं नापास नाहीत, बाई. बाप नापास आहे. त्या दिवशी गुडघा वाकत नव्हता. माती न खरवडता या चौघांना उभ्या उभ्या पायानेच दाबलं. सैल मातीतून हादरा उशिराच पोचणार."

"आणि हे आज सांगताय?"

"बोअर घ्यायच्या आधी सांगायला हवं होतं. जीभ रेटली नाही."

बाईंनी आम्हा चौघांना उचलून मामांच्या हातात दिले. केबल पुन्हा अंथरली गेली. मामा जमिनीवर बसून, सरकत सरकत एकेकाला रोवत गेले. नोंदींत माझ्यापाशी दिसलेला नदीचा खोटा खड्डा नाहीसा झाला आणि त्याने झाकलेला खरा उतार बाविसाव्यापाशी दिसला. दुसऱ्या बोअरमधून गोल गोटे आले, पाठोपाठ जड काळी वाळू. बाईंनी ती तळहातावर घेऊन आधी मामांना दाखवली.

अहवालात पहिल्या बोअरची चूक नोंदवायची वेळ आली. "माझं नाव लिहा," मामांनीच सांगितले. मोसम संपल्यावर ते घरी गेले, ते परत आले नाहीत.

आता मी कपाटात आहे. खिळ्यावर गंज चढला आहे. मित्रांनो, जुने यंत्र चुकले असे वाटले, तर टाकण्याआधी ते कसे रोवले होते ते पाहा. आणि रोवणारे तुम्हीच असाल, तर चूक बोअर घ्यायच्या आधी सांगा.