कुर्लीच्या आतला हात

मी एक जुनी कापडी कुर्ली आहे. तुमच्याकडे मला खेकडा म्हणत असतील, म्हणोत बापडे. मालवणच्या बाजारात मासे विकणाऱ्या गोदूबाईंनी आपलं लाल लुगडं फाडून, नांग्यांत काथ्या भरून मला शिवलं. डोळ्यांच्या जागी दोन काळी बटणं, त्यातलं एक जरा तिरकंच. मला शिवलं ते त्यांच्या लेकीसाठी. नम्रताताई तेव्हा आमच्या इथल्या केबलवर लहान मुलांचा कार्यक्रम नुकताच करायला लागली होती. दर रविवारी सकाळी ती गोष्ट सांगे आणि तिच्या हातावर मोज्यासारखी चढलेली मी मध्येच नाक खुपसत असे. माझं बोलणंही तीच बोलायची, अगदी फटकळ मालवणीत.

मित्रांनो, काय दिवस होते ते! तोंडवलीपासून वैभववाडीपर्यंत पोरं मला ओळखायची. शाळेच्या स्नेहसंमेलनात माझी नांगी हातात घ्यायला झुंबड उडे. मागे उभ्या असलेल्या ताईकडे बघायला मात्र कुणाला फुरसत नसे. एकदा माझी शिवण उसवली, तर कार्यक्रमाची सगळी व्यवस्था बघणारे मंगेशदादा स्वतः सुई-दोरा घेऊन धावले.

पण मला वर धरून धरून ताईचा खांदा पार कामातून गेला होता. ते घरी गोदूबाईंना ठाऊक आणि कार्यक्रमात फक्त मला.

"गो, सांग तेंका, हात दुखता म्हणान," तेल चोळताना गोदूबाई म्हणत.

"आये, सांगलंय तर माझ्या जाग्यार दुसऱ्या कोणाक बसयतले," ताई म्हणायची. तिला त्या पोरांपासून दूर जायचं नव्हतं, एवढंच. म्हणून ती दात-ओठ खाऊन मला उचलत राहिली.

एका रविवारी कार्यक्रम थेट चालू होता. वैभववाडीहून दिव्या नावाच्या मुलीचा फोन आला. मी काहीतरी खट्याळ बोलायचं, असं ठरलेलं. पण ताईचा हात एकदम खाली आला आणि मी टेबलावर तोंडघशी पडले.

"कुर्ले, तू गप कित्याक गो?" दिव्याने विचारलं. मंगेशदादा कॅमेऱ्यामागून खुणा करत होते, कुर्लीला उचला! ताईचा हात काही हलेना. तेवढ्यात पुन्हा तोच आवाज आला, "कुर्लेचा रवांदे. ताई, तुझो हात दुखता काय?"

इतक्या वर्षांत ताईची चौकशी करणारं हे पहिलंच पोर. ताईचे डोळे भरून आले. माझ्या नाही, स्वतःच्या आवाजात ती म्हणाली, "होय गो बाय, खूप दुखता."

त्यानंतर फोन थांबेचनात. "ताई बरी झाल्यार येतली मा?" जो तो हेच विचारी. माझं नाव कुणी काढलं नाही. मंगेशदादा ओशाळून प्रत्येकाला सांगत होते, "येतली रे, ताईच येतली!"

ताई उपचार घेऊन परत आली. आता ती गोष्ट सांगते आणि मी तिच्या मांडीवर रिकामी पडून ऐकते. सुरुवातीला मला फार लागलं, मग सवय झाली. माझा रंग विटलाय, पण ते मनावर घेऊ नका. मित्रांनो, तुम्हाला रोज हसवणारं कुणी ना कुणी तुमच्याही घरात असेल. आज जेवायला बसाल तेव्हा त्याला विचारा, तुझं काही दुखतं का? आणि विचारलंत की लगेच उठून जाऊ नका, कारण पहिल्यांदा ते माणूस नाहीच म्हणेल.