झुंबरलालनी दाखवलेला समुद्र

"माझ्या दादल्याला दाखव गो हे जरा. बायकोला सावलीत बसवलंय, नि स्वतः उन्हात उभा. आमचा असता तर म्हणाला असता, ऊठ, मला बसू दे."

लाँचमध्ये मागच्या फळीवरची कोळीण आपल्या सोबतिणीच्या कानाशी कुरकुरत होती. पण लाँच एवढी भरलेली, की तो कान चंदनबाईंच्या खांद्यालाच टेकलेला. चंदनबाईंनी पदर सारखा केला आणि मनात म्हणाल्या, घेऊन जा बाई. तुझा मला दे. निदान सावलीत का बसवलं, याचा विचार करत बसावं लागणार नाही.

जालन्याच्या मोंढ्यात झुंबरलालांचं भुसाराचं दुकान होतं. लग्नाला चोवीस वर्षं झाली, दोन्ही मुली आपापल्या घरी गेल्या; तेवढ्या काळात त्यांनी बायकोला हसनाबादला, तिच्या माहेरी पोचवलं आणि परत आणलं. याउपर कुठे नेलं नव्हतं. आणि मागच्या महिन्यात जेवता जेवता म्हणाले, "समुद्र पाहायचा का?"

चंदनबाईंच्या हातातली पळी थांबली. "कशाला?"

"कशाला म्हंजे? आता मुंबई अन् आपण एकाच राज्यात आलो."

राज्य एक झालं म्हणून कुणी बायकोला समुद्र दाखवत नाही, एवढं चंदनबाईंना कळत होतं.

संशयाला जागा होतीच. दोन वर्षांपूर्वी चौमाशाला, म्हणजे पावसाळ्यातल्या चार महिन्यांच्या मुक्कामाला, जैन साधू महाराज आले, तेव्हापासून झुंबरलालांचं एकेक सुटत होतं. आधी साखर सुटली. मग हिरवी भाजी. मग गादी. दिवाळीनंतर जोडे. मोठे दीर शांतिलाल आणि जाऊ प्रेमबाई काही बोलत असायचे, आणि चंदनबाई आत आल्या की पावसावर यायचे. निघताना प्रेमबाईंनी तूप लावलेल्या पुऱ्यांचा डबा दिला आणि डोळे टिपले. "भाग्यवान हायेस गं तू." दोन्ही मुलींच्या पत्रांतही तेच. भाग्यवान. कशाबद्दल, ते कुणी सांगेना.

काल मुंबईत, मावसभावाच्या घरी, झुंबरलाल अंघोळीला गेले असताना चंदनबाईंनी त्यांचा कोट झटकला आणि आतल्या खिशातून कागद पडला. त्या शाळेत गेल्या नव्हत्या. मुलींच्या पाट्यांवरून अक्षरं उचलली होती, तेवढ्यावर वाचलं. 'माझे पती दीक्षा घेत आहेत, त्यास मी राजीखुशीने आज्ञा देते.' खाली सहीची जागा कोरी. बायकोच्या आज्ञेवाचून महाराज कुणाला साधू करून घेत नाहीत. अंबडच्या एकाची बायको दोन वर्षं अडून बसली होती, आणि समाजात तिचं नाव काढलं की लोक अजून तोंड वाकडं करत.

त्यांनी कागद होता तसा ठेवून दिला. समुद्र कशासाठी, ते आता कळलं होतं. पण सांगतात कधी, ते पाहायचं होतं.

रेवसला उतरून मोटारीने अलिबागला पोचल्या पोचल्या झुंबरलालांनी शहाळं आणून दिलं. चंदनबाई पाणी प्यायल्या आणि त्यांनी कोटाच्या खिशाकडे पाहिलं. खिसा तसाच होता.

वाळूवर मात्र त्यांना सगळं विसरायला झालं. लाट आली, घोट्याशी फुटली, आणि परत जाताना पायाखालची वाळू ओढत घेऊन गेली. चंदनबाई लहान मुलीसारख्या हसल्या. मागे वळून म्हणाल्या, "या की. घोट्याएवढंच हाये."

"न्हाई. तूच पाह्य." झुंबरलाल कोरड्या वाळूवर उभे होते, हात मागे, नजर खाली.

कच्च्या, न उकळलेल्या पाण्यात जीव असतात. साधू त्यात पाऊल घालत नाहीत. म्हणजे कागद कोरा असला तरी पाय पुढे निघून गेले होते.

समोर पाण्यात किल्ला होता. ओहोटीला वाट उघडी पडते, तेव्हा लोक चालत जातात. एक म्हातारा वाटाड्या आठ-दहा जणांना घेऊन निघाला, त्यात हे दोघे. झुंबरलाल चार हात पुढची जमीन पाहत, डबकी टाळत, या खडकावरून त्या खडकावर. शेवाळावर चंदनबाईंचा पाय सटकला. झुंबरलालांनी झटक्यात छत्री पुढे केली.

"धर."

चंदनबाईंनी छत्रीचं टोक धरलं आणि सावरल्या. पुढे चालताना त्या हिशेब लावत राहिल्या, की बायकोचा हात केव्हा सुटला असेल. गादीच्या आधी, की नंतर?

किल्ल्यात गोड्या पाण्याची विहीर होती. दोघांनी पुऱ्या खाल्ल्या. झुंबरलालांनी घसा खाकरला.

"एक गोष्ट बोलायची व्हती."

"बोला."

"चारी बाजूंनी खारं. मंग हितलं पाणी गोड कसं काय?"

"मला काय मालूम," चंदनबाई म्हणाल्या.

त्यांनी लोटा दोरीने खाली सोडला, पाणी काढलं, दुहेरी फडक्यातून तांब्यात गाळलं. मग रिवाजाप्रमाणे फडकं उलटं करून त्यावर गाळीव पाणी ओतलं, ते लोट्यात धरलं आणि लोटा दोरीने अलगद विहिरीतल्या पाण्याशी सोडून उपडा केला. फडक्याला चिकटलेले, डोळ्यांना न दिसणारे जीव ज्या पाण्यातले त्याच पाण्यात परत गेले पाहिजेत. दुसरीकडे टाकले तर मरतात. झुंबरलाल लक्ष देऊन पाहत होते. "बराबर केलंस," म्हणाले. "त्यांचं घर सुटाया न्हाई पाहिजे."

चंदनबाईंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. मग दोरी गुंडाळली, बाजूला ठेवली, आणि विहिरीच्या काठाला टेकून मांडी घालून बसल्या.

वाटाड्या ओरडला, "भरती लागली हो. आता निघालात तर पाय भिजतील. मग गळ्यापर्यंत पाणी."

"चल जल्दी," झुंबरलाल म्हणाले.

"मी बसून राह्यले."

"अगं पाणी चढून राह्यलं."

"चढू द्या. तुम्हाला जायचं तर जा."

झुंबरलाल दरवाज्यापर्यंत गेले. वाटेवर पाणी चमकत होतं. बाकीचे लोक धोतरं-लुगडी वर धरून, ओरडत, हसत निघाले होते. झुंबरलाल पाण्याच्या काठावर थोडा वेळ उभे राहिले आणि परत आले. वाटाड्या दोघांकडे बघून "रात्रीपातूर बसा मग, सहा तास" असं पुटपुटत निघून गेला.

"सहा घंटे," चंदनबाई म्हणाल्या. "आता बोला. पाण्याचं सोडून."

झुंबरलाल चार हातांवर बसले. "तुला कोणं सांगितलं?"

"कुणी न्हाई. तेच तर. कागद वाचला म्या."

"मंग? अंबडवालीसारखं करणार?"

"त्या बाईला कुणी विचारलं का, का बसली ती?"

"हे पाह्य," झुंबरलालांचा आवाज मऊ झाला, आणि तो मऊपणा खरा होता, हेच वाईट. "मोह न्हाई राह्यला कशाचा. तुझा बंदोबस्त केला हाये. दादा हायेत, घर हाये. दीक्षेच्या दिवशी तुला रथात बसवतील. लोक पाया पडतील तुझ्या."

"अन् रथातून उतरल्यावर?"

बाहेर पाणी तटाला लागल्याचा आवाज येऊ लागला होता.

"आणा कागद," चंदनबाई म्हणाल्या. "सही करते. अडवणार न्हाई बिलकुल."

झुंबरलालांनी कोटात हात घातला. घड्या पडलेला कागद आणि पेन्सिल त्यांनी दोघांच्या मध्ये दगडावर ठेवली आणि मागे सरकले. चंदनबाईंनी एकेक अक्षर जुळवत नाव लिहिलं. कागद परत सरकवला, पण त्यावरचा हात काढला नाही.

"गावात सगळे म्हणतील, झुंबरलालनी संसाराचा त्याग केला. मी भी तेच म्हणीन, चारचौघांत. जाऊबाई म्हणतील भाग्यवान, मी हो म्हणीन." त्यांनी डोईवरचा पदर मागे सारला आणि चोवीस वर्षांत पहिल्यांदा नवऱ्याच्या डोळ्यांत सरळ पाहिलं. "पण हितं ऐकायला कुणी न्हाई, म्हणून सांगते. तुम्ही मला टाकून चालले."